स्नोमोबिलच्या मागच्या स्प्रिंगा बदलताना: आधी टेप, मग पाना

मिनेसोटात डलुथपासून ग्रँड मरेपर्यंत नॉर्थ शोअर ट्रेल जाते. लांबी १४६ मैल, म्हणजे साधारण २३५ किलोमीटर. सुपीरियर सरोवराच्या वरच्या अंगाने, बर्च आणि स्प्रूसच्या जंगलातून. रात्री ग्रूमर (बर्फ दाबून सपाट करणारं यंत्र) फिरून गेलेला असला की सकाळी ही वाट शेणाने सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत असते. रविवारी दुपारपर्यंत शेकडो स्लेड, म्हणजे स्नोमोबिल, तिच्यावरून गेलेल्या असतात, आणि मग गुडघाभर उंचीचे उंचवटे एकामागून एक सुरू होतात. अशा वाटेवर मागचं सस्पेन्शन टेकायला, म्हणजे पूर्ण दाबलं जाऊन तळाला आदळायला, लागलं की प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या खड्ड्यात धक्का थेट मणक्यात जातो. मागे बायको बसलेली असेल तर तिला तो तुमच्या दुप्पट लागतो, कारण ती बरोबर मागच्या सस्पेन्शनच्या डोक्यावर बसलेली असते.

आमची स्लेड दोघांसाठीची टूरिंग जातीची, जुनी, आमच्याकडे येण्याआधी हात बदललेली. पहिल्या हिवाळ्यात मी सीटला दोष दिला, मग शॉकअब्सॉर्बरला. खरा दोष स्प्रिंगांचा होता आणि तो शोधायला एक मोजपट्टी आणि दहा मिनिटं पुरली असती. म्हणून या लेखात मोजमापालाच जास्त जागा दिली आहे. पाना चालवणं त्यामानाने सोपं आहे.

मागे नक्की काय असतं

ट्रॅक म्हणजे स्लेडखाली फिरणारा रबरी पट्टा. त्याच्या आत जो सांगाडा बसतो त्याला स्किड म्हणतात. खाली दोन रेल, रेलच्या तळाला हायफॅक्सच्या प्लास्टिक पट्ट्या, वर पुढचा आणि मागचा असे दोन आर्म, आणि हे आर्म बोल्टने टनेलला, म्हणजे सीटखालच्या अॅल्युमिनियमच्या खोक्याला, जोडलेले. पुढच्या आर्मवर बहुधा कॉइल स्प्रिंगवाला शॉक असतो. मागच्या आर्मला शॉक वेगळा आणि वजन पेलायला दोन टॉर्शन स्प्रिंगा, डावी आणि उजवी. कपडे वाळत घालायच्या चिमट्यातली स्प्रिंग आठवा. मध्ये वेटोळं आणि दोन बाजूंना दोन पाय. बोटभर जाड तारेची तशीच स्प्रिंग इथे असते. एक पाय आर्मच्या बाजूला अडकतो, दुसरा लांब पाय पुढे रेलवरच्या ठोकळ्यावर किंवा कॅमवर (फिरवून उंची बदलता येणाऱ्या ठोकळ्यावर) टेकतो.

डोंगरातल्या खोल बर्फासाठीच्या बऱ्याच स्लेडमध्ये वजन वाचवायला टॉर्शन स्प्रिंगच नसते, मागेही कॉइल किंवा हवेचा शॉक असतो. तुमची तशी असेल तर मोजमापाचा भाग जसाच्या तसा लागू आहे, खोलण्याचा नाही.

कॅम फिरवला म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असं नाही

हा गैरसमज मी स्वतः बाळगला होता. कॅमला सहसा तीन खुणा असतात: मऊ, मध्यम, कडक. कॅम फिरवल्याने स्प्रिंगला सुरुवातीलाच जास्त पीळ बसतो, म्हणजे स्लेड उंच उभी राहते. याला प्रीलोड म्हणायचं. पुढे प्रत्येक इंच दाबायला लागणारा जोर, म्हणजे स्प्रिंगचा रेट, तेवढाच राहतो. तो तार किती जाड, वेटोळं किती मोठं आणि वेढे किती यावर ठरलेला असतो.

म्हणूनच कमकुवत स्प्रिंगवर कॅम कडक करून ठेवला की विचित्र अनुभव येतो. छोट्या उंचवट्यांवर स्लेड दगडासारखी लागते आणि मोठ्या खड्ड्यात तरीही टेकते. दोन्हीकडून नुकसान. असं होत असेल तर स्प्रिंग बदलायची वेळ झाली आहे, असं समजायला हरकत नाही.

सॅग मोजणं

सॅग म्हणजे स्वार बसल्यावर मागची बाजू किती खाली बसते ते अंतर. हे एकट्याने मोजता येत नाही. टेप धरायला घरातलं कुणीतरी लागतं.

स्लेड सपाट फरशीवर घ्या. स्किडमध्ये बर्फ अडकलेला नको. रात्रभर उबदार गॅरेजमध्ये ठेवली की तो वितळतो. मागचा बंपर हाताने वर ओढा, सस्पेन्शन पूर्ण सुटं होऊन ट्रॅक जमिनीवरून उठायच्या बेताला आला की थांबा. बंपरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर लिहून घ्या. हा आकडा अ.

आता बसायचं. पण ट्रॅकसूटवर नाही, ज्या कपड्यांत खरोखर जाता त्या कपड्यांत. हेल्मेट, बूट, बिब (छातीपर्यंत येणारी बर्फातली पँट), जॅकेट हे सगळं मिळून सात-आठ किलो सहज होतं. मागे बसणारं माणूस बसवा, बॅगा बांधा, जादा पेट्रोलचा कॅन नेत असाल तर तोही. दोन-तीनदा अंग उचलून दाबून स्लेड हलवा आणि तिची ती स्थिर होऊ द्या. त्याच जागी पुन्हा अंतर मोजा. हा आकडा ब. अ मधून ब वजा केला की सॅग मिळाला.

यात एक बारकावा आहे. स्किडच्या सांध्यांत घर्षण असतं, त्यामुळे वरून दाबून सोडल्यावर आणि खालून उचलून सोडल्यावर स्लेड वेगवेगळ्या उंचीवर थांबते. दोन्ही वेळा मोजा आणि सरासरी घ्या. दोन आकड्यांत फार तफावत असेल तर आधी ग्रीस गनने सगळे निपल भरा आणि मग पुन्हा मोजा. मी एका मित्राच्या स्लेडवर पाहिलंय, सांधे कोरडे पडले होते आणि तो स्प्रिंगा मागवायला निघाला होता.

किती सॅग बरोबर? तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते. स्की-डूच्या बऱ्याच पुस्तिकांत ५० ते ७५ मिलिमीटर दिलेलं असतं. त्याहून जास्त बसली तर मऊ, कमी बसली तर कडक. पुस्तिका हाताशी नसेल तर एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे सस्पेन्शन वरपासून तळापर्यंत जितकं हलतं त्या अंतराच्या, पाव ते एक तृतीयांश हा चालचलाऊ अंदाज आहे. लांब ट्रॅव्हलच्या स्लेडवर तो आकडा ७५ च्या पुढे जातो, म्हणून पुस्तिका शोधाच.

आमचे आकडे सांगतो. अ होता ६४० मिलिमीटर. दोघं आणि सामान, कॅम कडक खुणेवर, तेव्हा ब आला ५४२. म्हणजे सॅग ९८. मी एकटा, कॅम कडकच, तरी ७०. मध्यम खुणेवर एकटा बसलो तर ८७. कॅम संपला होता आणि सॅग अजून बाहेरच होता. आणखी काही सिद्ध करायची गरज उरली नाही.

उलटंही होतं, आणि आपल्याकडच्या पुष्कळ जणांच्या बाबतीत तेच होतं. वजन ५५-६० किलो, स्लेड दणकट, कॅम मऊ खुणेवर, तरी सॅग ३०-३५. अशा स्वाराला स्लेड सतत उडवते आणि तो म्हणतो, मला चालवता येत नाही. त्याला मऊ स्प्रिंग हवी असते. स्प्रिंग अपग्रेड म्हणजे कडकच, असं कुठेही लिहिलेलं नाही.

शेवटची एक तपासणी: कुणी न बसता रिकामी स्लेड उभी असताना मागची बाजू थोडी तरी खाली बसलेली असली पाहिजे. ती अगदी वर टेकून ताठ उभी असेल तर प्रीलोड जास्त झालाय आणि उंचवट्यावरून उतरताना ट्रॅक खड्ड्यात पोचणार नाही.

कोणती स्प्रिंग घ्यायची

टॉर्शन स्प्रिंग तारेच्या जाडीवर विकली जाते. जाडीतला फरक डोळ्यांना दिसत नाही पण ताकदीत फार दिसतो, कारण रेट जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.३५९ इंचावरून ०.३७५ इंचावर गेलात, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, तर स्प्रिंग सुमारे १९ टक्के कडक होते. ०.३४७ वरून थेट ०.३७५ वर गेलात तर ३६ टक्के. म्हणून 'जाडच घेऊन टाकू' असं करू नका. जुन्या स्प्रिंगची तार व्हर्नियर कॅलिपरने मोजा, रंग खरवडून मोजा, आणि विक्रेत्याच्या वजनाच्या तक्त्याशी ताडून पाहा.

दुसरी गोष्ट कोन. मोकळ्या अवस्थेत दोन पायांमध्ये किती अंश आहेत यावर सुरुवातीचा पीळ ठरतो. तार तीच पण कोन वेगळा, तर स्लेड वेगळ्या उंचीवर उभी राहील. म्हणून पार्ट नंबर तुमच्या वर्षाचा, मॉडेलचा आणि ट्रॅकच्या लांबीचा आहे ना, हे बघा.

निवडताना माझा नियम असा: ज्या वजनाने तुम्ही सगळ्यात जास्त चालवता, त्या वजनाला कॅम मध्यम खुणेवर असताना सॅग बरोबर आला पाहिजे. मग कधी मागे कुणी बसलं तर कडक खूण हातात राहते, मुलीला चालवायला दिली तर मऊ खूण राहते. वर्षातून दोनदा होणाऱ्या जोडीच्या सफरीसाठी स्प्रिंग निवडलीत तर उरलेला हिवाळा कंबर धरून काढाल.

आणि हे मनापासून सांगतो: एकट्यासाठी बनवलेल्या स्लेडला कडक स्प्रिंग लावली म्हणून ती दोघांची होत नाही. सीट, फूटरेस्ट, ब्रेक, सगळं एका माणसाचं असतं. स्प्रिंग त्यातलं काहीच बदलत नाही.

स्प्रिंगा नेहमी जोडीने बदला. एक जुनी एक नवी ठेवली तर स्लेड एका कुशीवर बसते.

लागणारी हत्यारं

सॉकेट सेट आणि लांब दांड्याचा रॅचेट, टॉर्क रेंच, निळं थ्रेडलॉकर (बोल्ट आपोआप सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद), कमी तापमानाचं ग्रीस, मागची बाजू उचलून धरणारा स्टँड, रॅचेट स्ट्रॅप, डोळ्यांवर चष्मा, जाड हातमोजे. आणि टॉर्शन स्प्रिंगचं खास हत्यार, म्हणजे टोकाला आकडा असलेली लांब दांडी. ती फार महाग नसते. नसेल तर स्प्रिंगच्या पायावर घट्ट बसेल असा, हातभर लांब पोलादी पाइपचा तुकडा चालतो.

स्क्रूड्रायव्हर किंवा पक्कड चालत नाही. पहिल्या वेळी मी मोठ्या स्क्रूड्रायव्हरने तो पाय उचलायला गेलो. टोक सटकलं, पाय सुटून टनेलवर आपटला. हातमोज्याची शिवण उसवली आणि अॅल्युमिनियमवर सुपारीएवढा पोचा पडला. तो अजून आहे. त्या जागी माझं मनगट असतं तर हाड राहिलं नसतं. या स्प्रिंगांत साठलेला जोर अंगात भीती घेऊनच हाताळावा.

खोलणं

ट्रेलवर वापरायच्या बऱ्याच स्लेडमध्ये पूर्ण स्किड बाहेर काढावं लागत नाही, मागची बाजू सुटी केली की भागतं. खालचा क्रम त्या पद्धतीचा आहे. तुमच्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका शेजारी उघडी ठेवा आणि जिथे ती वेगळं सांगते तिथे तिचं ऐका.

१. किल्ली काढून खिशात ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, स्प्रिंगचा कुठला पाय कशाखाली आहे हे स्पष्ट दिसेल असे.

२. दोन्ही कॅम मऊ खुणेवर आणा.

३. मागच्या एक्सलचा बोल्ट ढिला करून ट्रॅक सैल करा. अॅडजस्टरचे आटे किती फिरवले ते मोजून लिहा, परत लावताना तिथूनच सुरुवात करायची आहे.

४. मागचा बंपर स्टँडवर घ्या, ट्रॅक जमिनीपासून जरासा सुटेल इतकाच. सस्पेन्शन लोंबकळलं की स्प्रिंगवरचा ताण सगळ्यात कमी होतो. कमी होतो, संपत नाही.

५. आता लांब पाय सोडवायचा. दांडीचा आकडा किंवा पाइप पायावर पक्का बसवा. पाय सुटल्यावर ज्या रेषेत झेप घेईल त्या रेषेत तोंड, गुडघा, बोट काहीही नको. बाजूला गुडघे टेकून बसा, दोन्ही हातांनी दांडी दाबून पाय ठोकळ्यावरून उचला, बाहेर सरकवा आणि सावकाश वर सोडत न्या. झटक्याने नाही. शेवटी पाय मोकळा हलायला लागतो, तोवर दांडी सोडू नका. दुसऱ्या बाजूलाही हेच.

६. मागचा आर्म टनेलला धरणारे दोन बोल्ट. हे दोन्ही एकाच आरपार शाफ्टमध्ये दोन बाजूंनी जातात. एक पूर्ण काढून टाकलात की दुसऱ्याला पाना लावल्यावर अख्खा शाफ्टच गरगर फिरतो आणि तासभर शिव्या देत बसावं लागतं. म्हणून आधी दोन्ही बोल्ट अर्धा-अर्धा फेरा ढिले करा, मगच काढा.

७. शाफ्टचं टोक टनेलपासून सुटं करून एका बाजूला ओढा आणि स्प्रिंग तिच्या प्लास्टिकच्या बाहीसकट सरकवून काढा.

स्प्रिंग बाहेर आल्यावर लगेच नवी चढवू नका. इतकं खोललंय तर थोडं थांबून बघून घ्या. प्लास्टिकची बाही चिरलीय का, रेलवरचा ठोकळा झिजलाय का, आर्मच्या वेल्डिंगला केसाएवढी भेग आहे का, बॉगी चाकांची (स्किडवरच्या छोट्या चाकांची) बेअरिंग खरखरतायत का. कापडाने पुसा, टॉर्च धरा, नखाने चाचपा. भेग डोळ्यांआधी नखाला लागते. हायफॅक्सची झीजही याच वेळी पाहायची.

बसवणं

नवी जोडी जमिनीवर जुन्यांच्या शेजारी मांडा. डावी-उजवी एकमेकींची आरशातली प्रतिमा असते. चुकीच्या बाजूला घातली तर पाय जागेवर येणारच नाही. वेटोळ्याच्या आतून बाहीवर ग्रीसचा पातळ हात द्या, शाफ्टच्या सांध्यात नवं ग्रीस भरा.

शाफ्ट टनेलच्या भोकासमोर आणायला बंपर जरा वरखाली करावा लागतो. इथे रॅचेट स्ट्रॅप उपयोगी पडतो, आर्मला अडकवून हळूहळू ओढता येतो. बोल्टला थ्रेडलॉकर लावा, दोन्ही हातानेच चार-पाच आटे आत जाऊ द्या. अॅल्युमिनियममध्ये बोल्ट तिरका घुसला की आटे गेले, म्हणून सुरुवातीला पाना लावायचाच नाही. मग पुस्तिकेतल्या आकड्याला टॉर्क रेंचने कसा. अंदाजाने नको, हा बोल्ट सुटला तर मागचं सगळं स्किड सुटतं.

लांब पाय परत ठोकळ्यावर चढवताना नव्या स्प्रिंगचा जोर जाणवतो. कॅम मऊ खुणेवरच हवा. पाय खाचेत पूर्ण बसलाय हे बोटाने नाही, टॉर्चने बघा.

मग ट्रॅकचा ताण. पोलारिसच्या पद्धतीत मागच्या चाकाच्या मध्यापासून १६ इंच पुढे ट्रॅकवर १० पौंडांचं वजन टांगतात आणि हायफॅक्सपासून ट्रॅक किती लोंबतो ते मोजतात. किती लोंबावा ते मॉडेलप्रमाणे. ट्रॅक सरळ फिरतोय का हे पाहायला इंजिन चालू करावं लागतं. ते गॅरेजबाहेर करा, बंद गॅरेजमधला धूर जीव घेतो. आणि मागे कुणी उभं नको, फिरणारा ट्रॅक बर्फाचा खडा गोळीसारखा फेकतो. इंजिन बंद करून दोन्ही बाजूंना हायफॅक्स आणि ट्रॅकच्या आतल्या दात्यांमधलं अंतर सारखं येईपर्यंत अॅडजस्टर थोडे थोडे फिरवा.

आता पुन्हा कपडे चढवा आणि सॅग मोजा. आमचा आला: एकटा, मध्यम खुणेवर ६२. दोघं आणि सामान, कडक खुणेवर ६६. कॅम फिरवताना मऊवरून थेट कडकवर उडी मारू नका, मध्यमला थांबून पुढे जा. प्लास्टिकचा कॅम तसा फुटतो. दोन्ही बाजूंना खूण एकच.

स्प्रिंग बदलल्यावर स्लेड बदलते

मागची बाजू उंच झाली की वजन पुढे सरकतं आणि स्कीवर दाब वाढतो. आधी वळणावर सरळ जाणारी स्लेड आता वळते, हे चांगलं. पण हँडल जड लागायला लागलं, किंवा सरळ वाटेवर स्की इकडेतिकडे खेचायला लागल्या, तर दाब जास्त झालाय. पुढच्या आर्मला असलेले लिमिटर स्ट्रॅप, म्हणजे आर्म किती खाली जाईल ते अडवणारे पट्टे, एक भोक लांब करा. दोन स्ट्रॅप असतील तर दोन्ही सारखेच, एका वेळी एकच भोक. उलट स्की हलक्या वाटत असतील तर आखूड करा.

शॉककडे लक्ष द्या. कडक स्प्रिंग जास्त जोराने परत उसळते आणि तिला आवरणं शॉकचं काम आहे. उंचवट्यानंतर मागची बाजू एकदा वर येऊन थांबली तर ठीक. घोड्यासारखी लाथ मारत असेल तर शॉकचं रिबाउंड डॅम्पिंग, म्हणजे परत उसळण्याला आवरणारा जोर, वाढवा. तशी सोय नसेल किंवा शॉकचं तेल वर्षानुवर्षं बदललेलं नसेल, तर तो दुकानात उघडून घ्या. आत उच्च दाबाचा नायट्रोजन असतो, ते घरी करायचं काम नाही.

हेडलाइट मात्र सगळे विसरतात. आधी मागची बाजू बसलेली होती तेव्हा कुणीतरी तो त्या हिशोबाने लावलेला असतो. आता उजेड पन्नास फुटांवरच जमिनीत शिरतो. संध्याकाळी भिंतीसमोर उभी करून स्वार बसवून तो नीट करा.

पहिली फेरी

शॉकच्या दांड्यावर एक झिप टाय घट्ट बांधा, शॉकच्या नळकांड्याला टेकेपर्यंत सरकवा. शॉक दाबला जाईल तसा तो सरकत जातो आणि सगळ्यात मोठ्या खड्ड्यात जिथपर्यंत दाब गेला तिथे थांबून राहतो. ओळखीच्या, खराब वाटेवर वीसेक किलोमीटर जा, थांबा, बघा. टाय दांड्याच्या टोकाजवळ पोचला पण धक्का जाणवला नाही, तर काम झालं. निम्म्यातच थांबला तर स्प्रिंग जरुरीपेक्षा कडक आहे किंवा कॅम एक खूण वर आहे. टाय टोकाला आणि पाठीत धक्काही, तर कॅम एक खूण वाढवून तीच वाट पुन्हा.

परत आल्यावर मागच्या आर्मच्या त्या दोन बोल्टांवर टॉर्क रेंच लावून पाहा. नवी स्प्रिंग पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, म्हणून तेवढं झालं की सॅग पुन्हा मोजा. आमच्या गॅरेजच्या दाराआड पेन्सिलीने चार रकाने आखलेत: तारीख, कोण बसलं, कॅम कुठे, सॅग किती. दर नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडायच्या आधी, बायको टेप धरते आणि मी बूट-हेल्मेटसकट स्लेडवर चढतो.